तिथे लोक खरंच राहतात

चीनमधलं दाई पार्क (दाई हा तिथला एक वांशिक समाज) म्हणजे पर्यटकांसाठी उभारलेला सेट, असं एकांनी लिहिलंय. हे मला पटत नाही. युन्नान प्रांताच्या शिश्वांगबान्ना भागातलं हे उद्यान जिंगहोंग शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर, गानलानबा इथे लानत्सांग नदीकाठी आहे. (हीच नदी पुढे मेकाँग होते.) मानचुनमान, मानझा, मानतिंग अशी पाच जुनी गावं कुंपणात घेऊन ते केलं. 'मान' म्हणजेच गाव. घरांत माणसं नांदतात, आणि मानचुनमानच्या थेरवादी बौद्ध विहारात गावकरी पूजेला येतात.

रोज ठरलेल्या वेळी होणारा पाणी उडवण्याचा कार्यक्रम मात्र पर्यटकांसाठीच असतो, हे मान्य. खरा सण एप्रिलच्या मध्याला. त्याचं दाई नाव 'सांगकान' आपल्या 'संक्रांती'वरून आलंय! सूर्य मेष राशीत जातो तेव्हाचं ते नववर्ष. हे कळलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. आधी बुद्धमूर्तीला स्नान, मग एकमेकांवर पाणी. ते अंगावर पडणं म्हणजे आशीर्वाद.

जाणार असाल तर पाण्याचा कार्यक्रम उरकून लगेच परतू नका. खांबांवरच्या एखाद्या घरात जेवा, बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात नक्की खा. जिना चढण्याआधी चपला काढा, आणि यजमानांच्या झोपायच्या खोलीत डोकावू नका. ते तिथे फार वाईट मानतात. 2021च्या डिसेंबरपासून प्रांताची राजधानी कुनमिंगहून जिंगहोंगला रेल्वेही आहे.