तीन डॉक्टर, तीन निदानं, आता काय समजायचं?

सराफेवाली: मी इंदूरची. धाकट्या बहिणीच्या फाइलवर पहिल्या डॉक्टरांनी बायपोलर (मूड दिवसेंदिवस चढण्या-उतरण्याचा आजार) लिहिलं, दुसऱ्यांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी (भावना नि नाती सतत डळमळणारा स्वभावविकार), आणि आता तिसरे म्हणताहेत बॉर्डरलाइन आहेच पण हिस्ट्रिऑनिकचीही, म्हणजे सतत लक्ष वेधून घेण्याच्या स्वभावाची, छटा दिसते. आईचं तर डोकंच फिरलंय. बहीण सकाळी पोहे-जलेबी खाताना खिदळत असते, दुपारी मैत्रिणीनं फोन उचलला नाही की दार लावून रडारड, संध्याकाळी काही झालंच नाही असं. हे लोक ठरवतात तरी कसं?

कौन्सेलर_ताई: अगं, सकाळ-दुपार-संध्याकाळचं लिहिलंस ना, तेच तर विचारतात. बायपोलरमध्ये हायपोमेनिया (मूड चढण्याचा सौम्य प्रकार) म्हणायला मूड किमान ४ दिवस सलग चढलेला लागतो. बॉर्डरलाइनमध्ये तासातासात वर-खाली, आणि बरेचदा कोणीतरी आपल्याला सोडून जाईल या धास्तीनं. दोन्ही एकत्रही असतात, म्हणून एका भेटीत नाव चिकटवणाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. आणि बॉर्डरलाइन-हिस्ट्रिऑनिकची सरमिसळ तर पुस्तकातच आहे, डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेत दोन्ही स्वभावविकारांच्या एकाच बी गटात. बॉर्डरलाइनला ९ पैकी ५ लक्षणं पुरतात, म्हणजे दोन पेशंटांत एकच लक्षण सारखं असलं तरी नाव तेच!

छप्पन_भिया: मग त्या नावाचं लोणचं घालायचं का?

कौन्सेलर_ताई: भिया, अगदी हाच वाद होऊन २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मधून, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून, स्वभावविकारांची वेगवेगळी नावं काढूनच टाकली. आधी त्रास किती, सौम्य, मध्यम की तीव्र, ते बघायचं, मग स्वभावाचे ५ पैलू. बॉर्डरलाइन तेवढं राहिलं, कारण कुठली थेरपी द्यायची हे ठरवायला ते उपयोगी पडतं.

मामेभाऊवाला: आमच्याकडे उलटं झालं, भाऊ गणपतीतसुद्धा खोलीतून बाहेर येत नसे, सगळे म्हणायचे याला माणसंच नकोत, स्किझॉइड आहे. डॉक्टरीणबाईंनी फक्त विचारलं, आरती ऐकू आली की यावंसं वाटतं का? तो म्हणाला, वाटतं हो, पण लोक हसतील. त्या म्हणाल्या, हा अव्हॉइडंटकडे, म्हणजे भीतीनं लोकांना टाळण्याकडे, झुकतो. दार दोघांचंही बंदच, पण आतलं कारण वेगळं.

सराफेवाली: कालपासून वहीत वेळ लिहून ठेवतेय. आज सव्वादोनला दार बंद, पाचला स्वतःच उठून सगळ्यांचा चहा टाकला. पुढच्या भेटीत वहीच नेते.