देवगड म्हणून खाल्लेला कर्नाटकी हापूस: चव जिभेला की भावाला?

चहाटळ:
परवा घरी आगाऊपणा केला. सासरे ‘देवगडशिवाय आंबा तोंडात घालत नाही’ या पंथाचे. बाजारातून साडेतीनशे रुपये डझनाचा कर्नाटकी हापूस आणला, गेल्या वर्षीच्या देवगडच्या खोक्यात पेंढ्यावर मांडला आणि जाता जाता म्हटलं, “यंदा बाराशेच्या खाली देतच नाहीत हो.” पहिल्या फोडीलाच त्यांनी डोळे मिटले. “याला म्हणतात आंबा!” खरं अजून सांगितलेलं नाही. मला त्या घरी जेवायला जायचं असतं.

पण ते सोंग करत नव्हते. २००८ साली कॅल्टेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २० जणांना स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली. सांगितलं पाच वाइन आहेत, होत्या तीनच. ५ डॉलरची वाइन एकदा ५ची म्हणून दिली, एकदा ४५ची म्हणून. ९०ची एकदा चक्क १०ची म्हणून. आकडा मोठा ऐकला की लोकांनी गुण तर जास्त दिलेच, मेंदूतला सुखाशी निगडित भागही जास्त चेतला. चव टिपणाऱ्या भागांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून माझं मत: हापूसच्या भावातला बराचसा पैसा आपण खोक्यावरच्या नावाला देतो.

कलमवाले:
सासऱ्यांना फसवलंत, यात आंब्याचं काय सिद्ध झालं? शेजारी खरा देवगड ठेवला होतात का? आमची साल पातळ, गर केशरी, आणि खोली भरून वास. कर्नाटकी फळाची साल जाड, गर पिवळट. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगाच? आणि भावाचं म्हणाल तर कातळावर कलम जगवून दाखवा. मोहोराच्या वेळी ढग आले की फवारणी, तुडतुडे आले की फवारणी, शेवटी फळ कापलं की आत साका, म्हणजे गराचा पांढरट, बेचव भाग.

रायवळ:
साहेब, खर्च तुमचा झाला हे मान्य, पण जिभेला त्याचं काय? साका निघालेल्या आंब्यावरही फवारण्या तेवढ्याच झालेल्या असतात. (आमच्या परड्यातल्या रायवळाला कुणी पाणीसुद्धा घालत नाही. तो चोखताना मला अजून कुठला हापूस आठवलेला नाही.)

मधली फोड:
वाइनचीच दुसरी बाजू सांगते. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त वेळा भाव झाकून वाइन चाखवल्या, त्याचे निकालही २००८ मध्येच आले. सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. चाखण्याचं शिक्षण घेतलेल्यांचा कल मात्र किंचित उलटा होता. म्हणजे कलमवाल्यांना फरक कळत असेलही. ते रोज आंबा खातात. आपण मोसमात तीन डझन खाऊन जाणकार होतो.

कंपाउंडर:
आंब्यापर्यंत गंमत आहे, माझ्या दुकानात नाही. एका प्रयोगात ८२ जणांना विजेचे सौम्य झटके देऊन वेदनाशामक म्हणून साखरेची गोळी दिली. अडीच डॉलरची आहे असं ऐकलेल्यांपैकी ८५ टक्क्यांचं दुखणं कमी झालं, दहा सेंटची ऐकलेल्यांपैकी ६१ टक्क्यांचं. दोन्हींत औषध शून्य. तेच गिऱ्हाईक जेनेरिकचं पाकीट परत आणून म्हणतं, “स्वस्तातली आहे, लागू पडत नाही.” मग महागडी नेतात, आणि महिना निभावायला दिवसाआड घेतात. रक्तदाबाची गोळी, दिवसाआड!

कलमवाले:
गोळ्यांचं पटलं. आंब्याचं नाही.

चहाटळ:
बरं, कलमवाले, शेजारी ठेवला नव्हता ही चूक कबूल. रविवारी नीट करतो. दोन्ही आंबे सोलून सारख्या फोडी, साल पाहून कुणी ओळखायला नको. बशांवर नंबर बायको घालेल, मलाही सांगणार नाही. केशरी-पिवळं कळू नये म्हणून दिवा घालवू. अट एकच: तुमच्या बागेतला एक डझन पाठवा आणि भाव कळवू नका.

कलमवाले:
पाठवतो. भाव मात्र आधीच कळवतो, नाहीतर तुम्हाला गोड लागायचा नाही.

रायवळ:
दिवा घालवून आंबा खाणार? सदऱ्याचं काय ते बघा.