मदत हवी आहे: दिवसभर राबूनही एक काम धड पूर्ण होत नाही

टिचकी
पटकन सांगा कुणीतरी. डबे, ऑफिस, सासूबाईंचा हयातीचा दाखला, गॅसची केवायसी, सोसायटीचा मेंटेनन्स, गळका नळ. त्यात शाळेच्या ग्रूपवर काल रात्री साडेनऊला फर्मान: उद्या पाच प्रकारची पानं आणि पिवळा टीशर्ट. प्रत्येक काम पाच मिनिटांचं, तरी होत नाही. काल घरी आल्यावर खांद्याची पर्सही न काढता नुसती बसून होते. अ‍ॅप सुचवू नका, आहेत तीच उघडवत नाहीत.

चहाबाज
घरात कोण कोण? मुलं केवढी? यादीत नवऱ्याचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून विचारतोय.

टिचकी
नवरा बोटीवर आहे, मार्चमध्ये येईल. मुलगा दुसरीत. मी रोज लोकलने कल्याणहून जाऊन-येऊन.

घड्याळजी
पोमोडोरो करा. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. माझं आयुष्य बदललं.

गवतीचहा
घड्याळजी, २५ मिनिटं सलग मिळाली असती तर तिने धागा काढला असता का? कुकर, मुलगा, सासूबाईंची हाक. टिचकी, सरळ बाई लाव.

घड्याळजी
बाई दाखला काढणार आहे का?

नळबाबू
नळ तोंडातून थेंबथेंब गळतो की मुठीजवळून? तोंडातून असेल तर वॉशर गेलाय. आधी मेन कॉक बंद करा, मूठ काढा, स्पिंडल फिरवून बाहेर घ्या आणि तोच घेऊन दुकानात जा, म्हणजे मापाची चूक होत नाही.

अनुस्वार
माझं मत: यादीत 'दाखला' असं लिहूच नये. 'पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) कुठल्या फाइलीत आहे ते बघणे' असं लिहायचं. सुरुवात कुठून करायची हे माहीत नसलेलंच काम महिनोन् महिने पडून राहतं.

गवतीचहा
म्हणजे एका कामाची सहा करायची? छान!

अनुस्वार
सहा नाही हो, फक्त पहिलं.

आबा_पेन्शनर
गप्पा पुरे. पेन्शन कुठलं? केंद्राचं असेल तर नोव्हेंबर गाठा.

टिचकी
सासऱ्यांच्या कंपनीचं, पीएफ ऑफिसातून येतं. बँकेत नेलं होतं, पण मशीनवर बोटांचे ठसेच लागेनात. भर गर्दीत त्या रडवेल्या झाल्या. तेव्हापासून विषयच टाळतेय.

आबा_पेन्शनर
मग ते ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन योजना. त्याला नोव्हेंबरचं बंधन नाही. मागचा दाखला दिला त्या तारखेपासून वर्षभर चालतो, तेवढी तारीख बघा. ठसेही नकोत. अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप घ्या. आधी ऑपरेटर म्हणून तुमचा चेहरा, मग त्यांचा. पापणी मिटायला सांगतं. उजेड तोंडावर हवा, खिडकी पाठीशी नको. पीपीओ, आधार, खाते नंबर हाताशी ठेवा. नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊन करून देतो. गॅसची केवायसीही गॅस कंपनीच्या अ‍ॅपवरून याच फेस आरडीने होते.

निशिगंध
सगळे दाखल्यावरच. पर्ससकट बसून राहणं रोजचं झालंय का? झोप लागते का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ एकदा बघून घे. नुसतं बोलावंसं वाटलं तरी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

टिचकी
झोप बरी आहे. हिमोग्लोबिन कमीच असतं, रविवारी तपासते. आबा, दाखला झाला! पापणी मिटा म्हटलं तर सासूबाई डोळे मिटून हात जोडूनच बसल्या. शेवटी मुलाने समोर बसून डोळे मिचकावून दाखवले.

चहाबाज
वा! आबा, आईला फॅमिली पेन्शन आहे. तिलाही हेच चालेल का?

आबा_पेन्शनर
कुठलं? राज्य, केंद्र, बँक, रेल्वे? अर्धंच लिहायचं सगळ्यांनी ठरवलंय का?