बफेलो परिसर: कुठल्या गावात सीझनभरात किती स्नो पडतो, याचा नकाशा कसा करायचा?

उनाड_पाखरू

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीहून बदली होऊन बफेलोला (न्यूयॉर्क राज्य, लेक इरीच्या काठी) आलोय, सध्या अ‍ॅमहर्स्टला भाड्याने राहतो. आता घर घ्यायचं चाललंय. माझं ऑफिस उत्तरेला, बायकोचं पार ऑर्चर्ड पार्ककडे, म्हणजे मधलं कुठलंतरी गाव बघावं लागणार. ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो साउथटाउन्सच्या, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या गावांच्या, वाटेला जाऊ नकोस, शॉवेल करून करून कंबर जाईल. एजंट म्हणतो छे हो, बफेलोची सरासरी ९५ इंच आहे, सगळीकडे तेवढाच पडतो. एजंटला घर खपवायचंय आणि ऑफिसातल्यांना किस्से सांगायचेत, त्यामुळे म्हटलं आपणच गावागावांचे सीझनचे टोटल काढून क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग भरावेत आणि काय ते एकदाचं बघावं.

तर पहिल्याच पायरीला अडलोय. एका साइटवर फक्त विमानतळाचा आकडा, दुसरीकडे लोकांनी आपापल्या अंगणात मोजलेले, तिसरीकडे जमिनीवर आत्ता किती साठलाय तो, आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुठला धरायचा? आणि वर्ष कुठून कुठे? जानेवारी ते डिसेंबर घेतलं तर दोन हिवाळे अर्धे अर्धे येतात. जाणकारांनी सांगावं.

कांदेपोहे_सिरॅक्यूज

९५ इंचांना घाबरलात होय! आमच्याकडे सिरॅक्यूजला सरासरी १२७ च्या पुढे आहे. बफेलोचं नाव टीव्हीवर, बर्फ आमच्या दारात. इथे तर गोल्डन स्नोबॉल म्हणून स्पर्धाच असते, सिरॅक्यूज, बफेलो, रॉचेस्टर, बिंगहॅम्टन आणि ऑल्बनी, ज्या शहरात सीझनभरात जास्त पडेल ते जिंकलं, आणि बहुतेक वेळा आम्हीच जिंकतो, त्याचा अभिमान बाळगावा की रडावं हे तेव्हाच्या ड्राइव्हवेवर अवलंबून.

पण तुमचा एजंट थापा मारतोय हे नक्की. लेक इफेक्टचा पट्टा अरुंद असतो. सरोवराचं पाणी अजून कोमट, वरून थंडगार वारा, तो वाफ उचलतो आणि काठावर आणून ओततो. वारा ज्या दिशेचा त्या ओळीतल्या गावांचं कल्याण, बाजूच्या गावात चक्क ऊन. नोव्हेंबर २०१४ ला बफेलोच्या पूर्वेला काउल्सव्हिलमध्ये त्या आठवड्यात ८८ इंच पडला आणि पट्ट्याच्या उत्तरेला काही इंच. नोव्हेंबर २०२२ ला हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या आसपास. दोन्ही वेळा बिल्सची, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमची, मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली, कारण स्टेडियम नेमकं ऑर्चर्ड पार्कलाच आहे. हे एजंटला विचारा.

चहाबिस्किट

मी फिनिक्सला राहतो. वाचून बरं वाटलं. चालू द्या.

नकाशेवाला

आधी वर्षाचं. इथे स्नोचं वर्ष १ जुलै ते ३० जून धरतात, म्हणजे अख्खा हिवाळा एका खात्यात पडतो. काही नकाशे १ ऑक्टोबरपासून मोजतात, फरक नगण्य, पण तुलना करताना सगळ्या गावांना एकच तारीख लावा.

आता आकडे. जमिनीवर साठलेला आकडा टोटलसाठी अजिबात घेऊ नका, तो रोज दबतो, वितळतो, पुन्हा भरतो. तुम्हाला हवाय तो नव्याने पडलेल्या स्नोचा. त्यासाठी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या बफेलो ऑफिसच्या साइटवर नाऊडेटा म्हणून भाग आहे, तिथे स्टेशन निवडून महिन्यांची बेरीज मिळते. (सिरॅक्यूज बघायचं असेल तर बिंगहॅम्टन ऑफिसच्या साइटवर जावं लागतं.) बफेलो म्हणून जो आकडा सगळे सांगतात तो चीकटोवागाच्या विमानतळावरचा, म्हणजे तुमच्या उत्तर-दक्षिण भांडणाच्या बरोबर मधला. त्यावरून ना अ‍ॅमहर्स्ट कळत ना ऑर्चर्ड पार्क.

सगळ्यात महत्त्वाचं, नाऊडेटात जिथे एम दिसेल तिथे आकडा गहाळ आहे, शून्य नाही! एक्सेल रिकाम्या खणाला बेरजेत शून्यच समजतं. एखाद्या गावातले मोजणारे काका जानेवारीत फ्लोरिडाला गेले की तुमच्या नकाशात ते गाव एकदम कोरडं दिसणार आणि तुम्ही तिथेच घर घेणार. ज्या सीझनमध्ये बरेच दिवस गहाळ आहेत तो त्या स्टेशनपुरता सरळ वगळा. टी दिसलं तर मोजण्याइतका नव्हता, नुसती भुरभुर, ते बेरजेत शून्य धरलेलं चालतं.

रंग भरताना क्यूजीआयएसचं आयडीडब्ल्यू (जवळच्या स्टेशनांच्या आकड्यांवरून मधल्या जागांचा अंदाज काढायची पद्धत) वापराल तर प्रत्येक स्टेशनभोवती डोळ्यासारखी वर्तुळं उमटतील, ती खरी नसतात, फक्त तिथे मोजणारा कोणीतरी आहे एवढंच ती सांगतात. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाईचे पावसाचे आकडे घेऊन मधल्या घाटाची सरळ सरासरी काढली तर जे होईल तेच इथे. साउथटाउन्सच्या मागे टेकड्या चढतात, तिकडे उंचीमुळे आणखी पडतो, हे आयडीडब्ल्यूला कळत नाही. त्यापेक्षा एनओएचआरएससी या नोआच्या (सरकारी हवामान-सागर संस्थेच्या) केंद्राचे सीझनच्या स्नोचे तयार ग्रिड (चौकटीचौकटीने आकडे दिलेले नकाशे) जिओटिफमध्ये, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये थेट जागेवर बसणाऱ्या चित्र-फाइलमध्ये, उतरवून घ्या आणि वर स्टेशनांचे ठिपके टाका. ठिपका आणि खालचा रंग जुळत नसेल तिथे थांबून बघा. आणि प्रत्येक वर्षाला रंगांची पट्टी तीच ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर दर वर्षी आपोआप नवी पट्टी लावतं आणि हलका हिवाळाही जांभळाजर्द दिसतो.

पाटीवरचा_बर्फ

अंगणातल्या आकड्यांना नावं ठेवू नका हो, त्यातला एक माझा आहे :) मी कोकोराजसाठी मोजतो. १९९७ ला कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला मोठा पूर आला, त्यानंतर १९९८ ला तिथेच हे स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं, आता देशभर आहे.

मोजायची पद्धत सांगतो म्हणजे आकड्यांत फरक का येतो ते कळेल. प्लायवूडचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा, पांढरा रंग दिलेला, घरापासून आणि झाडांपासून लांब मोकळ्यावर ठेवायचा. शेजारी एक झेंडा खोचायचा, नाहीतर सकाळी पाटी कुठे गाडली गेली ते शोधत बसावं लागतं. सकाळी सातला पट्टी उभी धरून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं, मग पाटी पुसून ताज्या बर्फावर परत ठेवायची. वारा असेल तर पाटीवर काहीच नसतं आणि कुंपणाला छातीएवढा ढीग, तेव्हा चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी.

आता गंमत बघा. हलका स्नो स्वतःच्या वजनाने बसतो, म्हणून दर तासाला मोजून पुसत गेलात तर दिवसाची बेरीज फुगते. नियम असा की चोवीस तासांत जास्तीत जास्त चारदा, म्हणजे दर सहा तासांनी. लेक ऑन्टारियोच्या पूर्वेकडच्या टग हिल पठारावरच्या माँटेग्यूला ११-१२ जानेवारी १९९७ ला चोवीस तासांत ७७ इंच मोजला होता, कोलोरॅडोच्या सिल्व्हर लेकचा १९२१ चा ७५.८ इंचांचा विक्रम मोडला असता, पण सहा वेळा मोजून बेरीज केली होती म्हणून विक्रम नामंजूर झाला. विमानतळावर सहा तासांनी मोजतात, माझ्यासारखे बरेच जण दिवसातून एकदा, त्यामुळे तेवढाच पडला तरी आमचा आकडा थोडा कमी येतो. विमानतळाच्या शेजारी अंगणातला आकडा ठेवून दोन-चार इंचांवरून भांडू नका. उत्तर-दक्षिण फरक त्याहून कितीतरी मोठा आहे, तो या गोंधळात बुडत नाही.

उनाड_पाखरू

धन्यवाद सगळ्यांना, चहाबिस्किट सोडून. एमच्या जागी शून्य ही गोष्ट कोणी सांगितली नसती तर कळलीच नसती. अजून एक, शेजारचे आजोबा १९७७ चं बर्फाचं वादळ सांगतात, घरं गाडली गेली होती म्हणे. तो सीझन पण नकाशात घ्यावा का?

पाटीवरचा_बर्फ

आजोबा खरं सांगतायत, पण ते वादळ टोटलमध्ये शोधाल तर सापडणार नाही. २८ जानेवारी १९७७ ला सुरू झालं तेव्हा नवीन स्नो फूटभरच पडला. लेक इरी डिसेंबरमध्येच गोठलं होतं आणि त्यावर साठलेला सगळा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणून टाकला. उडून आलेला बर्फ पडलेल्यात धरत नाहीत. त्या सीझनचा टोटल १९९.४ इंच आहे, बफेलोचा आजवरचा सर्वात जास्त, पण त्यातला बराचसा वादळाच्या आधीचा.

कांदेपोहे_सिरॅक्यूज

आणि इरी उथळ आहे म्हणून गोठतं, एकदा गोठलं की तुमचा लेक इफेक्ट थंडावतो. आमचं लेक ऑन्टारियो खोल, ते सहसा गोठत नाही, म्हणून मार्चपर्यंत चालूच. महिनावार नकाशे केलेत तर हा फरक दिसेल.

नकाशेवाला

१९७६-७७ वेगळा ठेवा, सरासरीत घालू नका. आणि घरासाठी बघताय तर नुसत्या टोटलवर जाऊ नका. दोन गावांचा टोटल सारखा असू शकतो, एकात रोज दोन-दोन इंच आणि दुसऱ्यात एका आठवड्यात सहा फूट. पहिल्याला फावडं पुरतं, दुसऱ्याला छपराची काळजी. नाऊडेटातूनच रोजचे आकडे उतरवा आणि एका दिवसात बारा इंचांच्या वर किती वेळा पडला ते स्टेशनवार मोजा, त्याचा वेगळा नकाशा करा. पलीकडच्या कॅनडातल्या फोर्ट एरीचे आकडे घेणार असाल तर ते सेंटिमीटरमध्ये असतात, आधी २.५४ ने भागा.