गास्पारो दा सालो ‘ओबडधोबड’?

खमाज: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की खरी व्हायोलिनं इटलीतल्या क्रेमोना गावची, तिथल्याच ब्रेशा गावात नुसती सुतारकी चालायची आणि ब्रेशाचा सोळाव्या शतकातला वाद्यकार गास्पारो ओबडधोबड कारागीर होता. रात्रभर डोक्यात तेच. त्याच्या व्हियोलांची (व्हायोलिनची मोठी, खालच्या सुरांची भावंडं) लांब, टोकदार एफ-छिद्रं, म्हणजे अंगावरची f आकाराची ध्वनिछिद्रं, नीट बघा. डावं-उजवं तंतोतंत जुळत नाही, पण आवाज? खालच्या तारेवर गज ठेवला की खोली भरते!

लाकूडवेडा: ते लिहिणारा मीच. क्रेमोनाच्या आंद्रेआ आमातीचं 1564चं व्हायोलिन ऑक्सफर्डला आहे. गास्पारोचा जन्म 1540चा, म्हणजे तेव्हा तो 24 वर्षांचा. त्याला ‘व्हायोलिनचा जनक’ म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

खमाज: जनक कोण म्हणालं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. सुतारकी म्हणालात, त्याचं बोला. मग फ्रान्सला त्याचा माल उगाच जायचा का? 1588च्या करविवरणात तिकडची विक्री थंडावल्याची तक्रार त्यानेच केली आहे.

मधली_तार: आवाजाचं कौतुक पुरे. त्याचे किती मोठे व्हियोला पुढच्या लोकांनी कापून लहान केले, त्यावर कुणी बोलत नाही. वरखाली लाकूड छाटलं की छिद्रं अंगापेक्षा मोठी दिसतात, आणि मग तुम्ही म्हणता बेढब!

गजकरी: कापले ते बरं झालं. मी तीन वर्षं 43 सेंटिमीटरचा व्हियोला वाजवला, डावा खांदा कायमचा गेला. वाद्य वाजवायला असतं, काचेत ठेवायला नाही.

मधली_तार: खांदा दुखतो तर लहान वाद्य नवं बनवून घ्या ना! आजोबांचं व्हायोलिन मी दुरुस्तीला दिलं, तर कारागिराने न विचारता जुनं वार्निश घासून चकचकीत करून दिलं. आई ते हातात घेऊन रडली. तुमच्यासारखाच विचार त्याचा, वापरायचंच तर आहे.

गजकरी: त्याने विचारायला हवं होतं, हे मान्य. पण त्याचं पाप माझ्या माथी नको. मला अजून रात्री कुशीवर झोपता येत नाही.

लाकूडवेडा: मूळ मुद्द्यावर या. ब्रेशाची परंपरा टिकली कुठे?

खमाज: टिकणार कशी? 1630च्या प्लेगने घराणंच उठलं, गास्पारोचा शिष्य माज्जिनीही त्याच सुमारास गेला. क्रेमोनात आंद्रेआचा नातू निकोलो आमाती वाचला, त्याने बाहेरची पोरं शिकवली. वाचला म्हणून परंपरा राहिली. यात सुतारकी कुठे आली?

लाकूडवेडा: प्लेगचं मान्य. ‘सुतारकी’ शब्द मागे घेतो. ‘ओबडधोबड’ मात्र राहील, त्या छिद्रांकडे बघून दुसरा शब्द सुचत नाही.

खमाज: तीच धाटणी पुढे अठराव्या शतकात क्रेमोनाच्याच ग्वार्नेरी देल जेझूच्या व्हायोलिनांच्या छिद्रांत दिसली की तिला ‘बेधडक’ म्हणता. गास्पारोलाही तोच शब्द लावा.