स्पॅनिशमधलं 'तू' नक्की कुणाला म्हणायचं?

कोथरूडची_सून
मी हिंजवडीत सपोर्टला आहे. क्लासमध्ये स्पॅनिश शिकले ते स्पेनचं. मागच्या महिन्यात मेक्सिकोच्या कॉलवर सहज म्हणाले, ठेवते आता, बस पकडायचीय. आम्हाला 'पकडणे'ला 'कोखेर' शिकवलंय. पलीकडे शांतता, मग कुणीतरी खोकलं. नंतर एका मुलीने चॅटवर हळूच सांगितलं की स्पेनमधलं हे साधंसुधं क्रियापद त्यांच्याकडे... जाऊ दे, इथे लिहिण्यासारखं नाही.

आता कोलंबियातल्या बोगोताचे एक पन्नाशीचे सहकारी पुण्यात येताहेत, रविवारी आमच्याकडेच जेवायला. मेलमध्ये मी त्यांना 'तू' म्हणत आले, ते मात्र मला 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही', म्हणतात. चिडलेत का? शिवाय भेटल्यावर गालाला गाल लावतात म्हणे. घरी सासूबाई आहेत!

डेक्कनचा_दुभाषी
चिडलेले नाहीत हो. बोगोतात उस्तेद फक्त मानापुरतं नसतं. मित्र मित्राला म्हणतो, आई लेकराला म्हणते, लोक कुत्र्यालाही म्हणतात. आपल्याकडे आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' म्हणणारी घरं आहेतच की, म्हणून बाबा परके होतात का? तुम्हीही उस्तेदवर या. पाहुणे कोलंबियातल्याच मेदेयिनचे असते तर 'बोस' ऐकावं लागलं असतं, तो आणखी तिसराच प्रकार.

गालाचं म्हणाल तर स्पेनमध्ये दोन पापे, कोलंबियात एक, आणि तोही बहुतेक हवेतच. दारातच दोन्ही हात जोडून घसघशीत नमस्कार करा, पाहुणा तुमचं बघून करेल.

जेवणानंतर 'तिंतो' मागितला तर दचकू नका. स्पेनमध्ये ती रेड वाइन, कोलंबियात काळी कॉफी. मागतानाही 'तिंतो भेट द्याल का' अशा थाटात मागतात. दुकानातसुद्धा, आणि मग पैसे रीतसर देतात.

नळस्टॉप_नाना
मी मोंतेरेला तीन वर्षं एका कारखान्यात होतो. मेक्सिकोवाल्यांशी रोज बोलायचं असेल तर 'आओरिता' जपून ऐका. शब्दशः 'आत्ताच', पण त्यात तासाभराने, उद्या आणि कधीच नाही, सगळं बसतं. प्लंबर आओरिता म्हणाला म्हणून मी रजा काढून घरी बसलो! जन्म पुण्यात गेलेल्या माणसाला हे कळू नये?

नीट ऐकू आलं नाही तर नुसतं 'के?' म्हणू नका, म्हातारी माणसं नाराज होतात. 'मांदे?' म्हणायचं, म्हणजे 'आज्ञा करा'. आणि हॉटेलातून निघताना शेजारच्या अनोळखी टेबलालाही 'प्रोवेचो' म्हणतात. आपल्या पंगतीतलं 'सावकाश होऊ द्या' म्हणा ना. परत आल्यावर सवयीने इथे एका खानावळीत शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, 'सावकाश होऊ द्या.' त्यांनी ताट जवळ ओढून घेतलं.

शिकाऊ_सदाशिव
ताई, बेल वाजली की आपण आतून 'आले आले' ओरडतो, त्याचं 'बेंगो' करू नका. स्पॅनिशमध्ये तिथे 'बोय', म्हणजे 'जाते'. आमच्या बाईंनी यावरून माझे दोन मार्क कापलेत.

कोथरूडची_सून
रविवार पार पडला. बेल वाजली आणि मी आतून 'बेंगो'च ओरडले, सदाशिव, माफ करा. नमस्काराची युक्ती लागू पडली. आमटीभात त्यांनी दोनदा घेतला. पुरणपोळी अर्धीच खाल्ली, पण तुपाची वाटी संपवली. तिंतो मागितला तेव्हा आमच्याकडे इन्स्टंट कॉफी होती, ती त्यांनी सभ्यपणे प्यायली.

सासूबाईंनी विचारलं, हे मला सारखं उस्तेद उस्तेद काय म्हणताहेत? म्हटलं, 'अहो' म्हणताहेत. 'मग बरोबर आहे,' म्हणाल्या. निघताना पाहुण्यांनी खाली सोसायटीच्या मोत्याशीही थांबून बोलणं केलं, उस्तेद म्हणूनच. ते मी घरी सांगितलेलं नाही.