चर्चा: मेंदू एवढा बारीक मोजला, पण कळला का?

चौकस_पंत

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये मायक्रॉन्स प्रकल्पाचे निबंध आले, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. उंदराच्या मेंदूतला, दृष्टीचं काम बघणारा जेमतेम एक घन मिलिमीटरचा तुकडा. उंदीर जिवंत असताना त्याला व्हिडिओ दाखवले आणि सुमारे ७५ हजार न्यूरॉन (चेतापेशी) कधी चेततात ते टिपलं. मग त्याच तुकड्याच्या २५ हजारांहून जास्त चकत्या कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. हाती आल्या दोन लाख पेशी, ५२ कोटींवर सायनॅप्स (न्यूरॉन-न्यूरॉनमधले सांधे) आणि १.६ पेटाबाइट माहिती (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट). १९७९ साली डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिकने अशक्य कोटीतली मागणी म्हणून नेमकं हेच उदाहरण दिलं होतं, त्यामुळे कर्तबगारीबद्दल शंका नाही.

पण आकलनाचं काय? सी. एलेगन्स या ३०२ न्यूरॉनवाल्या कृमीच्या सगळ्या जोडण्यांचा आराखडा १९८६ सालीच छापून आलाय. चाळीस वर्षं होत आली, तरी तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे निव्वळ त्या आराखड्यावरून कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ३०२ न्यूरॉनपाशी अडलेल्यांच्या हाती ५२ कोटी सायनॅप्स देऊन काय होणार? पटत नसेल तर खोडून काढा.

पिपेटवाली

काढतेच. आधी आकलन झालं आणि उपकरण नंतर आलं, असं एक तरी उदाहरण द्या पंत.

हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली चेतातंतूतल्या विद्युत् स्पंदाची समीकरणं मांडली, ती बसल्या जागी सुचलेली नाहीत. स्क्विड या समुद्री प्राण्याचा अ‍ॅक्झॉन (चेतापेशीचा लांब तंतू) इतका जाड की त्यात तार सरकवता येते. शिवाय व्होल्टेज क्लॅम्प हाती होता, म्हणून व्होल्टेज एका जागी धरून सोडियमचा प्रवाह वेगळा आणि पोटॅशियमचा वेगळा काढता आला. पुढे १९७६ मध्ये नेहर आणि साकमान यांनी एकेका आयन चॅनेलचा, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या विद्युत्भारित कणांच्या दाराचा, प्रवाह मोजला. आमच्या रिगवर (प्रयोगाच्या मांडणीवर) आजही तेच चालतं. मायक्रॉनभर तोंडाची काचेची पिपेट पेशीला टेकवायची, नळीतून तोंडानेच अलगद हवा ओढायची, विद्युत् रोध गिगाओहमवर (अब्ज ओहमवर) गेला की सील लागलं, म्हणजे काच गच्च चिकटली. मग पडद्यावर प्रवाह फटकन एक पायरी चढतो, थोडा वेळ तिथेच थांबतो, फटकन उतरतो. एक चॅनेल उघडला आणि मिटला. तोवर चॅनेल हा तर्क होता. हे बघितल्यावर वाद घालायला फारसं काही उरलं नाही.

तिरकस

सील लागलं, अभिनंदन. आता एक गंमत ऐका. २०१७ मध्ये जोनास आणि कोर्डिंग या जोडीने मेंदूवाल्यांच्या नेहमीच्या पद्धती ६५०२ या जुन्या मायक्रोप्रोसेसरवर लावून बघितल्या (अर्थात संगणकावरच्या त्याच्या प्रतिकृतीवर). ३,५१० ट्रान्झिस्टर, एकूण एक जोडणी माहीत, कोण कधी चालू आणि कधी बंद हेही माहीत. इतकं चोख मोजमाप कुठल्या मेंदूचं मिळणार आहे? एकेक ट्रान्झिस्टर निकामी करून बघितला, तर काही असे निघाले की त्यांच्यावाचून फक्त ‘डाँकी काँग’ सुरू होत नाही, बाकीचे गेम व्यवस्थित चालतात. झालं, डाँकी काँगचं केंद्र सापडलं! प्रोसेसर चालतो कसा, ते मात्र शेवटपर्यंत निघालं नाही.

पंतांना +१.

काळा_डगला

शास्त्रातलं मला कळत नाही, पण असलं मोजमाप कोर्टात पोचलं की काय होतं ते सांगतो. २००८ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावली, तेव्हा आरोपीच्या मेंदूलहरींच्या चाचणीचा अहवालही ग्राह्य धरला होता. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, घटनेबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि लहरी बघून ठरवायचं की ही आठवण स्वतः अनुभवलेली आहे की ऐकीव. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. लहरी उमटल्या होत्या यात वाद नाही. त्यावरून माणूस दोषी ठरवण्याइतका अर्थ काढायचा, तर तो कशाच्या जोरावर?

पिपेटवाली

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा सोळा आणे खरा, पण तो माझ्याच बाजूचा आहे. कवटीवरून येते ती असंख्य न्यूरॉनची गोळाबेरीज. एफएमआरआय हा मेंदूचा स्कॅन तर न्यूरॉनही मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतो. २००९ साली एका गटाने चक्क मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले होते. हजारो ठिकाणी एकदम तुलना करताना जी सांख्यिकी दुरुस्ती करावी लागते ती गाळली, तर त्या मेलेल्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली. मोजणी भरड आणि हिशेब सैल, म्हणून ही गत. यावर उपाय बारीक मोजण्याचा, की मोजणंच सोडण्याचा?

चौकस_पंत

उदाहरण मागितलंत ना? घ्या. डोकं कुठल्या दिशेला आहे हे मेंदू कसं लक्षात ठेवतो? न्यूरॉन वर्तुळात जोडलेले असतील आणि एकत्र चेतलेल्या शेजारी न्यूरॉनचा एकच ‘उंचवटा’ त्यावर फिरत असेल, हे गणितवाल्यांनी १९९० च्या दशकातच मांडलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया केंद्रात सीलिग आणि विवेक जयरामन यांनी डोकं पक्कं धरलेली फळमाशी छोट्या चेंडूवर चालवली आणि तिच्या मेंदूत डोकावले. माशी वळली की उंचवटा सरकतो, अंधारातसुद्धा. काय शोधायचं हे माहीत होतं, म्हणून ते सापडलं. पेटाबाइट उपसून नाही.

पिपेटवाली

चांगलं उदाहरण, पण अर्धंच सांगितलंत. ती कल्पना उंदरांवरच्या नोंदींवरून सुचली होती. डोक्याच्या ठराविक दिशेला चेतणारे न्यूरॉन इलेक्ट्रोडने आधी सापडले, मग गणित आलं. आणि त्या गणितातलं वर्तुळ कागदावरचं होतं. माशीत ते शब्दशः कड्याच्या आकाराच्या भागात बसलेलं निघेल, हे कुठल्या समीकरणातून आलं होतं? ते बघूनच कळलं.

आणि तुमच्या कृमीबद्दल. आराखडा असून अंदाज का चुकतो, याचंही उत्तर मोजूनच मिळालंय. २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने त्या कृमीचा एकेक न्यूरॉन प्रकाशाने चेतवला आणि बाकीच्यांवर काय परिणाम होतो ते टिपलं. नकाशावरून बांधलेला अंदाज बऱ्याच ठिकाणी जुळेना, कारण काही निरोप सायनॅप्सवरून जातच नाहीत. न्यूरोपेप्टाइड नावाचे निरोप्या रेणू एका पेशीतून सुटतात आणि जोडणी नसलेल्या पेशीलाही गाठतात.

तिरकस

म्हणजे तारांचा नकाशा काढला आणि निम्मं बोलणं तारेवरून होतच नव्हतं!

पिपेटवाली

निम्मं म्हणालेच नव्हते हो. पण दुर्लक्ष करता येणार नाही इतकं नक्की.

चौकस_पंत

मग थेट विचारतो. उंदराच्या त्या १.६ पेटाबाइटमध्ये कुठलं पेप्टाइड सुटून कुठे पोचलं, याची नोंद आहे?

पिपेटवाली

नाही. चकती मेलेल्या ऊतीची असते. जोडणी दिसते, सुटलेलं पेप्टाइड कुठवर गेलं ते दिसत नाही. त्यासाठी जिवंत मेंदूत पेप्टाइड चिकटलं की चमकणारी प्रथिनं लागतात. काही पेप्टाइडांसाठी ती तयारही झालीत. पण त्या तुकड्यातली मेंदूतले संदेश दाबणारी न्यूरॉन सरसकट हाताला लागेल त्या पेशीला जोडत नाहीत, विशिष्ट प्रकारच्या पेशी निवडून जोडतात, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसलं ते या चकत्यांमुळेच. तेही नको होतं का?

चौकस_पंत

हवं होतं. पण आता प्रकल्प अख्ख्या उंदराच्या मेंदूचा करायचा म्हणतात. त्याआधी तीच चमकणारी प्रथिनं त्या ३०२ न्यूरॉनवाल्यात घाला आणि तो कुठे वळेल ते आधी सांगून दाखवा. तोवर मोठ्या नकाशाला माझी हरकत कायम.